पाण्याचे दोन कॅन

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण गेला महिनाभर जो घरी येतो तो माशांच्या टाकीपुढे उभा राहतो, आत वाढणारी पिल्लं पाहतो आणि विचारतो, "हे तुला जमलं कसं?" दरवेळी मी तुमच्याबद्दल सांगायला लागतो आणि दरवेळी गोष्ट अर्धीच राहते. म्हणून एकदाच पुरती लिहून काढतोय.

रीगनची, म्हणजे सिक्लिड कुळातल्या एका बुटक्या पाइक माशाची, जोडी मी मुंबईहून आणली, तेव्हा दुकानात एवढंच सांगितलं होतं की हा पाइक लहान राहतो. मोठ्या पाइक सिक्लिडना दांडगी टाकी लागते आणि हा चार-पाच इंचांत आटोपतो, ही गोष्ट खरीच. पण त्याला पाणी कसलं लागतं, मादीला आडोसा किती लागतो, यावर एक अक्षर नाही. आपल्या खाडीतलं कालुंदरही याच कुळातलं, हे तुम्ही आमच्या ओटीवर बसून सांगितलंत, आणि त्या दिवसापासून आई रोज सकाळी टाकीत डोकावायला लागली.

डिसेंबरात मादीचं पोट गुलाबी झालं, पाठीच्या परावरचे पांढरी कड असलेले काळे ठिपके उठून दिसायला लागले आणि तिने मातीच्या कुंडीत अंडी घातली. तिसऱ्या दिवशी सगळी पांढरी. जानेवारीत पुन्हा तेच. मी बुरशीचं औषध शोधत होतो. एका ओळखीच्या माणसाने तुमचा नंबर दिला. फोनवर तुम्ही औषधाचं ऐकूनच घेतलं नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "पाणी खंयचा?"

आमची विहीर खाडीच्या अंगाला. पावसाळ्यात गोड, पण दिवाळी सरली की हळूहळू मचूळ होत जाते. मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ३८० आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ७.८ (७ च्या खाली आंबट). तुम्ही समजावलंत की या माशाच्या नद्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या, तिथलं पाणी मऊ आणि आंबट. कडक पाण्यात अंडं धड फळतच नाही. आधी मरतं, बुरशी मागाहून धरते. मी मेलेल्या अंड्यांवर औषध शोधत होतो.

आणि मग फेब्रुवारीत तुम्ही कुडाळहून एसटीने आलात, दोन हातांत वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन. तुमच्या घरामागच्या, जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं पाणी. टीडीएस ६०. स्टँडवरून आमच्या घरापर्यंत रिक्षासुद्धा केली नव्हतीत. तुमच्या तळव्यांवर कॅनच्या कड्यांचे लाल वळ उठलेले मी पाहिले. तुम्ही चहा घेतलात, परड्यात गळून पडलेली बदामाची पानं आईला गोळा करायला सांगितलीत, ती धुऊन टाकीत सोडलीत, आणि कुंडी बाहेर काढून तिच्या जागी करवंटी ठेवलीत. करवंटी उकळून, काथ्या खरवडून, कडेला कानशीने एवढीशी खाच पाडून तुम्ही घरून आणली होतीत. खाच इतकी लहान की मादी आत शिरेल आणि नर बाहेर राहील. तोवर नराने तिची शेपटी दोनदा फाडली होती. त्या खाचेने ते थांबलं.

त्या दुपारी तुम्ही वॉलेसची गोष्ट सांगितलीत. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५२ मध्ये ब्राझीलहून इंग्लंडला परतत असताना भर समुद्रात जहाजाला आग लागली, जमवलेले नमुने गेले, पण अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीतल्या माशांची त्याने काढलेली चित्रं वाचली. पुढे १९०५ मध्ये चार्ल्स टेट रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने एका बुटक्या पाइकला वॉलेसचं नाव दिलं, आणि आमच्या टाकीतल्या जातीला १९८९ मध्ये खुद्द रीगनचं नाव मिळालं. २०२३ पासून तर या बुटक्या पाइकांची प्रजातीच वेगळी झाली, वॉलेसिया. मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर, हा विचार त्या दिवसापासून कितीदा तरी आला.

मार्चमध्ये जे घडलं ते तुम्हाला फोनवर नीट सांगायचं धैर्य झालं नव्हतं, आज सांगतो. अंडी फळली होती. पिल्लं करवंटीच्या आत वळवळताना दिसली आणि मला वाटलं, नर खाईल. मी करवंटी उचलली आणि वेगळ्या डब्यात ठेवली. दोन दिवसांत पिल्लं गेली. मादी पाच दिवस करवंटी होती त्या रिकाम्या जागेवर उभी राहिली, खाल्लं नाही. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "तिका सगळा म्हायत आसा रे. तू फक्त हात घालू नको."

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्या चार सरी कौलं धुऊन जाऊ देत आणि मग पागोळीखाली पिंप लाव, हे तुमचं सांगणं. नुसतं पावसाचं पाणी नको, त्यात पीएच धरून ठेवणारं काही नसतं, तो एका रात्रीत कोसळतो, म्हणून विहिरीचं एक तांब्या पाणी मिसळ, हेही तुमचंच. पीएच ६ वर आला. खायला ताजा जवळा, गोड्या पाण्यात तीन वेळा धुऊन.

१० जुलैला मादी करवंटीत शिरली ती बाहेर आली नाही. मोबाइलच्या उजेडावर लाल जिलेटिन लावून मी खाचेतून पाहिलं. ती पोट वर करून उलटी होती. छताला प्रत्येक अंडं बारीक दोऱ्याने लटकलेलं, आणि तिच्या परांच्या वाऱ्याने सगळी एका दिशेला झुलत होती. मधूनच ती एखाद्या अंड्यावरून तोंड फिरवायची. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

मधल्या एका रात्री वादळाने लाइट गेली, पंप बंद. पहाटे तीनला तुम्हाला फोन केला. तुम्ही उचललात. पेल्याने पाणी उचलून वरून धार सोडायला सांगितलीत, करवंटीपासून लांबच्या कोपऱ्यात. आई आणि मी आळीपाळीने पहाटेपर्यंत ते करत बसलो. करवंटीला हात लावला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी खाचेतून राखाडी धुरासारखं काहीतरी बाहेर आलं. पिल्लं. मादी पुढे, नर थोड्या अंतरावर, राखणीला. ती पाठीवरचा पर झटकते तशी सगळी पिल्लं तळाशी बसतात. पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे एका बारीक खाऱ्या कोळंबीची, अंडी आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात फुगत घातली होती, तीही तुम्ही आठवण करून दिलीत म्हणून. पिल्लांची पोटं नारिंगी झाली, तेव्हा आईने मोजायला सुरुवात केली आणि ४६ वर थांबली.

आता त्यांत लहान-मोठी दिसायला लागलीत आणि मोठी लहानांना गिळतील, हा तुमचा इशारा लक्षात आहे. म्हणून वेगळी करतोय. सहा तुमच्यासाठी काढून ठेवली आहेत. तुम्ही सहा महिने माझ्या टाकीचं बघितलंत, आणि तुमच्या स्वतःच्या टाकीत मात्र काकूंच्या आजारपणापासून पाणी नाही, हे मला खूप उशिरा, दुसऱ्याकडून कळलं.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. टाकी मी धुईन. तुमचे दोन्ही कॅन घेऊन येतोय, पागोळीच्या पाण्याने भरून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मालवणचा