चिटपाखरू दिसेना म्हणून

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळा लागला की डोंगरातल्या पक्षीनिरीक्षण सहलींच्या सूचना आपल्या पुरवणीत दिसू लागतात आणि काही आठवड्यांनी त्याच सहलींतली देखणी छायाचित्रेही. त्यातली काही कशी मिळतात, याविषयी हे पत्र.

नुकत्याच एका सहलीत तासभर चालूनही रानात चिटपाखरू दिसेना, तेव्हा आमच्या मार्गदर्शकांनी मोबाइल काढून पिंगळ्याचा मुद्रित आवाज छोट्या स्पीकरवर लावला. क्षणार्धात वल्गुली, वटवटे आणि आणखी काही लहान पक्षी शत्रूला हुसकावण्यासाठी समोरच्या फांद्यांवर जमले आणि नसलेल्या पिंगळ्यावर बराच वेळ ओरडत राहिले. सगळ्यांना छायाचित्रे मिळाली. पूर्वी मीही हे केले आहे, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणत नाही.

मात्र थंडीतल्या पाखराचा हिशेब फार काटेकोर असतो. १० ते १२ ग्रॅम वजनाचा पक्षी दिवसभरात साठवलेल्या चरबीवर लांबलचक रात्र काढतो आणि कडाक्याच्या एका रात्रीत त्याचे वजन सुमारे १० टक्क्यांनी घटू शकते. वल्गुलीच्या कुळातले काही पक्षी तर ऊर्जा वाचवण्यासाठी रात्री शरीराचे तापमानही बरेच खाली येऊ देतात. दिवस लहान, किडे दुर्मीळ, त्यात खोल दरीत ऊन उशिरा पोहोचते आणि लवकर ओसरते. अशा वेळी, विशेषतः सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासात, खाणे सोडून खोट्या शत्रूमागे धावण्याची किंमत आपल्याला दिसत नाही, पण पाखराला ती रात्री मोजावी लागते.

शिवाय त्या रिकाम्या तासाला कारण असते. हिवाळ्यात लहान पक्षी अनेक जातींच्या मिश्र थव्याने फिरतात, त्यामुळे बराच वेळ रान सुने असते आणि मग एकाच झाडावर एकदम लगबग उडते. सकाळचे पहिले ऊन ज्या उतारावर पडते तिथे मुकाट बसून राहिले, तर थवा बहुधा आपणहून येतो. चालत सुटणाऱ्या गटाला हे कधीच कळत नाही.

उंच पर्वतांतल्या कड्यांजवळ तर अधिक जपायला हवे, कारण दाढीवाले गिधाड ऐन हिवाळ्यात अंडी घालते आणि माणसांच्या वर्दळीमुळे ते घरट्यावरून उठले, तर अंडे गारठून वाया जाऊ शकते.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, सहलीची सूचना छापताना तिथे मुद्रित आवाज वापरणार की नाही, हे आयोजकांना विचारावे आणि पक्ष्याचे छायाचित्र स्वीकारताना ते कसे टिपले, याची एक ओळ छायाचित्रकाराकडून लिहून घ्यावी.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक