चि. सौ. मृणालिनीस, तुझ्या नव्या अभ्यासाविषयी

चि. सौ. मृणालिनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कम्युनिटी कॉलेजात बालविकास आणि कुटुंब-अभ्यास हे विषय घेतल्याचे कळल्यापासून, इंजिनिअर झालेली मुलगी कॅलिफोर्नियात जाऊन बालवाडीचे धडे गिरवते, अशी कुजबुज नातेवाइकांत चालू आहे. चालू दे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या तुझ्या एच-४ व्हिसावर वर्क परमिटशिवाय नोकरी करता येत नसली तरी शिकायला आडकाठी नाही, आणि राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या एका श्रेयांकामागे, ४६ डॉलरांत हे शिक्षण मिळत असेल, तर ते का सोडावे?

मला लिहायचे आहे ते 'मूल, कुटुंब आणि समाज' या तुझ्या विषयाबद्दल. मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर यांची, मुलाभोवती घर, शाळा, समाज अशी एकात एक वर्तुळे पाठ करून तू कंटाळलीस. पण अमेरिकेत गरीब घरांतील मुलांसाठी १९६५ साली 'हेड स्टार्ट' ही सरकारी बालशिक्षण योजना उभी राहिली, तीत या गृहस्थांचा हात होता. ती वर्तुळे मी मुख्यसेविका असताना अंगणवाडीच्या नोंदवहीत पाहिली आहेत. टांगत्या काट्याच्या झोळीत बसवलेले मूल दिवाळीपर्यंत वजनाला बरे भरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत आले की तक्त्यावरची रेघ खाली उतरायची, कारण मधले महिने आईबाप त्याला घेऊन वीटभट्टीवर गेलेले असत. नुसते मुलाकडे पाहून ती रेघ उलगडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आमच्याच डहाणू तालुक्यात बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती हे ओळखूनच.

म्हणून निरीक्षणाच्या तासाला मुलांवर 'हट्टी', 'लाजाळू' असे शेरे मारू नकोस. डबा उघडण्याआधी मुलाने तीनदा दाराकडे पाहिले, एवढेच लिही. अर्थ नंतर लाव, आणि तोही त्याला न्यायला येणाऱ्या आजीशी दोन शब्द बोलल्यावर. त्या आजीची भाषा स्पॅनिश असेल तर कामापुरती ती शिकून घे. मराठी मुलांच्या आयांपाशीच घुटमळू नकोस.

बालवाडीत काम करण्यासाठी राज्य जे बालविकास परमिट देते, त्याची पहिली, सहायकाची पायरी ६ युनिटांवर मिळते म्हणून तिथेच थांबू मात्र नकोस. लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाईला पगार बेताचाच द्यायचा, ही रीत तिकडेही आहे. आमच्या सेविकांना तर 'मानधन' म्हणून देत. स्टेट युनिव्हर्सिटीत पुढे प्रवेश मिळवून देणारी दोन वर्षांची पदवी तुझ्या कॉलेजात आहे का, हे समुपदेशकांना विचार आणि पुढच्या सत्राचे विषय त्या हिशेबाने निवड.

जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
आई