सदाफुलीचा रस म्हणजे सदाफुलीचे औषध नव्हे

महोदय,

रक्ताच्या कर्करोगावर परसातल्या वनस्पती सुचवणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला. सदाफुली, हळद, गुळवेल यांना एका ओळीत बसवून शेवटी सदाफुलीच्या पानांचा रस अनशापोटी घ्यायला सांगितले आहे. माझे आयुष्य कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले. झाडापाल्यातून औषधे मिळतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हा सल्ला वाचून काळजी वाटली.

सदाफुलीची हकिकत अर्धीच सांगितली गेली. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या प्रयोगशाळेत गेली. उंदरांना अर्क तोंडाने दिला, साखर उतरली नाही. तोच अर्क टोचून दिला तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि जंतुसंसर्गाने उंदीर दगावले. मधुमेहाचे औषध शोधणाऱ्यांना तिथे ल्युकेमियावरच्या, म्हणजे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरच्या, औषधाची वाट दिसली. पुढे एली लिली कंपनीच्या संशोधकांनी याच झाडातून व्हिन्क्रिस्टीन हे ल्युकेमियावरचे औषध वेगळे केले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करू शकणारी वनस्पतिद्रव्ये, आहेत. व्हिन्क्रिस्टीन त्यांतले एक, तेही इतके अल्प की ते मिळवायला वाळलेली पाने शेकडो किलो लागतात. रुग्णाला एका वेळी साधारणपणे जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम देतात, तेही फक्त शिरेतून. शिरेबाहेर झिरपले तर मांस जळते. मात्रा चुकली तर नसा दुखावतात, पायातली ताकद जाते. वाटीभर रसात ते किती, आणि बाकीची अल्कलॉइड किती, हे कोण मोजणार?

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला हाच आजार झाला तेव्हा त्याची आजी माझ्या अंगणातली पाने मागायला आली होती. मी म्हटले, “आजी, तुमच्या नातवाला दवाखान्यात देतात त्यातलं एक औषध या झाडाचंच आहे, पण ते गाळून, तपासून, मापून घेतलेलं. त्याच्या तारखा चुकवू नका.” आजी बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. पाने मात्र नेली नाहीत. १९६० च्या सुमारास हा आजार झालेली बहुतेक मुले काही महिन्यांतच जात. आज चांगल्या केंद्रांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची (मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार) दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात, ती अनेक औषधांचा क्रम दोन-तीन वर्षे नेटाने पाळल्यामुळे. आपल्याकडे उपचार मध्येच सुटतात, हे मोठे दुखणे आहे.

हळदीचे उदाहरण तर नेहमीचेच. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य ल्युकेमियाच्या पेशी मारते, पण पोटात घेतल्यावर रक्तात जेमतेम उतरते. शोध चालू राहायलाच हवा. चीनमध्ये अभ्यासलेल्या सेफॅलोटॅक्सस वृक्षातल्या द्रव्याला अमेरिकेत २०१२ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळूहळू वाढणाऱ्या प्रकारासाठी मान्यता मिळाली. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कर्करोगावरच्या औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन आहे, आणि त्यापायी त्याची चोरटी तोड होते. पुरवणीत याविषयी लिहावे, मी आनंदाने माहिती देईन.

माझी मागणी एवढीच: अशी बातमी छापताना प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. आणि येत्या रविवारी, त्याच पानावर, केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस घेऊ नये असा खुलासा ठळक छापावा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कराड