वय खडकाचे, की त्यातल्या कणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला सह्याद्रीवरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत. पण ‘सह्याद्रीचा कातळ हा देशातला सर्वांत जुना खडक असून कार्बन चाचणीनुसार त्याचे वय ६६ कोटी वर्षे आहे’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. तिन्ही मराठी वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली चूक शून्याची. मूळ मजकुरात ६६ मिलियन असणार. मिलियन म्हणजे दहा लाख, तेव्हा वय झाले ६ कोटी ६० लाख. ६६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर साधा मासा नव्हता, डायनोसॉर कुठले? बिलियन आला की घोळ उलट्या बाजूने होतो; ३.४ बिलियनचे ३४ कोटी छापून येतात, हवेत ३४० कोटी.

दुसरी चूक कार्बनची. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे त्यातला निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचा. पन्नासएक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरतच नाही, आणि ही चाचणी लागू पडते ती लाकूड, कोळसा, हाड, शंख अशा वस्तूंना. सह्याद्रीचा कातळ म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा; त्यात यातले काही नसते. दख्खनच्या लाव्ह्याचे वय काढले गेले ते त्यातल्या फेल्स्पार या खनिजामध्ये पोटॅशियमपासून तयार होऊन साठलेल्या अरगॉन वायूवरून, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या तांबड्या मातीतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून. बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, असे त्यातून दिसते. अर्थात हे वय दगडाचे. सह्याद्रीचे कडे नंतरच्या उत्थानातून आणि झिजेतून घडले, त्यांचा हिशेब वेगळा.

तिसरी चूक मोठी, कारण तिच्यामुळे महाराष्ट्राचा खरा जुना खडक वाचकांच्या नजरेआडच राहतो. दख्खनचा बेसॉल्ट भारतातल्या तरुण खडकांत मोडतो. त्याच्याखाली काय आहे हे भूकंपांनंतर घेतलेल्या छिद्रांनी दाखवले. किल्लारीला ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुन्या काळातला पाया लागला. कोयनेला सुमारे ९३० मीटर खाली ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे पाठ्यपुस्तकातला पट्टिताश्म, लागले, मध्ये गाळाचा थरसुद्धा नाही. हाच पाया जमिनीवर पाहायचा असेल तर गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात किंवा सिंधुदुर्गात जावे. गोव्याकडे उतरताना अनमोड घाटातला ट्रॉन्डजेमाइट जातीचा नाइस रुबिडियमपासून तयार होणारे स्ट्रॉन्शियम मोजण्याच्या पद्धतीने सुमारे ३४० कोटी वर्षांचा ठरला आहे, १४ कोटी इकडे-तिकडे. हे ‘इकडे-तिकडे’ बातमीत गाळू नये. ती मोजमापाची मर्यादा आहे आणि त्या १४ कोटींत दख्खनच्या बेसॉल्टचे अख्खे वय दोनदा मावते.

नाइस ओळखणे अवघड नाही, पण तुकडा ताजा हवा. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कुजलेले असतात, त्यावरून काहीही ठरवू नये. ताज्या फुटीवर दहापट भिंग धरले की गारगोटी आणि फेल्स्पारचे फिके पट्टे, त्यांच्या आड अभ्रक किंवा हॉर्नब्लेंडचे काळे पट्टे दिसतात. पट्टे नसतील आणि कण सगळीकडे सारखेच विखुरले असतील तर बहुधा ग्रॅनाइट. याच नाइसला छेदून काळ्या, बारीक कणांच्या डोलेराइटच्या (भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या) भिंती उभ्या असतात आणि त्यांच्या छायाचित्राखाली सर्रास ‘दख्खनचा लाव्हा’ असे छापले जाते. दख्खनचे थर आडवे पसरलेले असतात. ही भिंत नाइसचे पट्टे कापत जाते आणि तिच्या कडेचे कण मधल्या कणांपेक्षा बारीक असतात, कारण कडा आधी थंड झाली.

विदर्भातल्या एका खडकाची छायाचित्रओळ तर जवळजवळ नेहमीच चुकते. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री भागात मॅंगनीजच्या खाणींजवळ गोंडाइट सापडतो. फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली गोंड लोकांवरून त्याला हे नाव दिले. बाहेरून मॅंगनीजच्या ऑक्साइडने तो काळाकुट्ट झालेला असतो, म्हणून ओळीत ‘बेसॉल्ट’ पडतो. फोडला की आत पांढरट गारगोटी आणि तिच्यात स्पेसार्टाइन या मॅंगनीजयुक्त गार्नेटचे नारिंगी-तपकिरी बारीक दाणे. मॅंगनीजयुक्त गाळ खोल दबून, तापून तयार झालेला हा रूपांतरित खडक आहे, लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: वय नेमके कशाचे? जुन्या खडकांची भरवशाची वये झिरकॉनवरून येतात. दहा-पंधरा किलो ताजा खडक फोडून चाळतात, पाण्याने हलके कण धुऊन काढतात, लोहचुंबकाने चुंबकीय खनिजे वेगळी करतात, मग उरलेला भाग जड द्रवात टाकतात. झिरकॉनची घनता ४.६ च्या आसपास, म्हणून तो तळाशी बसतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे हे कण सूक्ष्मदर्शकाखाली सुईने वेचून रेझिनच्या चकतीत बसवतात, अर्धे घासतात आणि आतल्या कड्यांचे चित्र घेऊनच २०-३० मायक्रॉनच्या ठिपक्यावर युरेनियम आणि शिसे मोजतात. झिरकॉन जन्मताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळपास घेतच नाही, म्हणून सापडलेले शिसे नंतर युरेनियमपासून तयार झालेले. युरेनियमची दोन समस्थानिके (वेगळ्या वजनाचे अणू) वेगवेगळ्या वेगाने शिशात बदलतात, म्हणजे ही दोन घड्याळे, त्यांची वेळ जुळली तरच आकडा धरायचा.

चुकते ते इथेच. किरणोत्साराने कण खिळखिळा झाला की शिसे गळते आणि वय कमी दिसते. खडक पुन्हा तापला की कणाभोवती नवी कड वाढते. ठिपका तिथे पडला तर वय रूपांतराचे येते. आधीच्या नमुन्याची पूड यंत्रात राहिली असेल तर भलतेच वय हाती लागते. आणि कणाचा गाभा आधीच्या कुठल्या तरी खडकातून आलेला असेल तर वय जास्त येते. ओडिशात केओंझार जिल्ह्यातल्या चंपुआजवळ असेच झिरकॉन सापडले. २०१८ साली त्यांतल्या एकाचे वय सुमारे ४२४ कोटी वर्षे प्रसिद्ध झाले आणि ‘जगातील दुसरा सर्वांत जुना खडक भारतात’ असे मथळे झळकले. वय त्या कणाचे होते. तो ज्या खडकात सापडला तो सुमारे ३४० कोटी वर्षांचा. शोध मोठा आहेच, मथळा मात्र चुकला.

लोणारचेही तसेच. बेसॉल्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, उल्काघाताने झालेले विवर त्याहून फार अलीकडचे. थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजून) ते सुमारे ५२ हजार वर्षांचे ठरले होते, पुढे आघाताने वितळलेल्या काचेतल्या अरगॉनवरून सुमारे पावणेसहा लाख आले. कोकणातल्या कातळशिल्पांच्या बातमीत तर बेसॉल्टचे, त्याच्या झिजेतून झालेल्या जांभ्याचे आणि त्यावर कोरणाऱ्या माणसाचे अशी तीन वये एकाच वाक्यात मिसळलेली पाहायला मिळतात.

तेव्हा विनंती एवढीच, की वय छापताना मोजलेली वस्तू, पद्धत आणि अधिक-उणे यांसाठी अर्धी ओळ राखावी आणि छायाचित्रात मापासाठी पेन किंवा नाणे असावे. ठिकाणचा खडक कोणता हे तपासायला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत. पुरवणीत छापलेल्या प्रत्येक घाटाचा पत्ता तिथे पाच मिनिटांत लागेल.

आपला,
एक भूविज्ञान-अभ्यासक, नागपूर