१४ एप्रिलचा दिनविशेष

माझगाव, मुंबई
२ एप्रिल

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. शाळेच्या फळ्यावरचा दिनविशेष तुझ्या गळ्यात पडलाय हे वाचून हसू आलं. कॉलेजात सनावळ्यांच्या नावाने बोटं मोडणारा तूच ना? असो. १४ एप्रिलला सुट्टी असली तरी सकाळी प्रतिमापूजनाला मुलं येतात, म्हणून त्या दिवशीचा फळा भरगच्च हवा, आणि बाबासाहेबांच्या जयंतीखाली "जगातल्या चार-पाच मोठ्या घटना" हव्यात, असं तू लिहिलंयस. ही तारीख अशी आहे की चार-पाचवर भागत नाही.

आधी एक अडचण सांगतो. लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ला, वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये, रात्री सव्वादहाच्या सुमारास. गुड फ्रायडे होता. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ उजाडून लोक कामाला लागले होते. टायटॅनिक हिमनगावर आदळलं १४ एप्रिल १९१२ला, रविवारी, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११.४०ला. मुंबईत १५ तारीख, सोमवार. उलट चंद्रावर निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो १३ यानाची ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा अमेरिकेत १३ एप्रिल १९७०ची रात्र होती आणि आपल्याकडे १४ची सकाळ, साडेआठ वाजून गेलेले. म्हणजे दोन घटना त्यांच्या घड्याळाने घ्यायच्या आणि तिसरी आपल्या. एखादं चौकस पोर तुला यात पकडणार, तयारी ठेव.

आता लिंकनचं. मुलांना लिंकन म्हटलं की गुलामगिरी आठवते, ते बरोबरच आहे. पण मुंबईचा माणूस म्हणून मला आठवतो कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो सगळा पैसा मुंबईत. शेअरांचा असा सट्टा चालला की समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे कागद लोक डोळे मिटून घेत होते. मग ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली, आणि बातम्या पोचता पोचता मुंबईतला कापूस कोसळला. १ जुलै १८६५ला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. कापसाचे आणि शेअरांचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदसुद्धा त्यात बुडाले. त्यांनी आधी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून तासाला टोले देतोय. फळ्यावर हे मावणार नाही, पण इतिहासाच्या तासाला सांग.

कापूस मी मुद्दाम काढला, कारण १४ एप्रिलची आमची खरी गोष्ट पुन्हा कापसाशीच येऊन थांबते.

१९४४. शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला फोर्ट स्टिकीन नावाचं मालवाहू जहाज लागलेलं होतं. फेब्रुवारीत इंग्लंडहून बर्कनहेड सोडून कराचीमार्गे १२ तारखेला ते मुंबईत आलं. पोटात काय काय होतं बघ: सुमारे १,४०० टन दारूगोळा, विमानं, सोन्याच्या १२४ विटा, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या. वर तेलाची पिंपं, लाकूड, भंगार. युद्धाच्या घाईत जागा मिळेल तसं भरलं. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, कापूस खाली आणि स्फोटकं वर. धोक्याचा माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तोही नव्हता.

दुपारी दोनच्या आसपास आग लागल्याचं कळलं. बहुधा कोणाची तरी बिडी किंवा सिगारेट. शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना धूर त्याआधीच दिसला होता, पण ओरड कोणी केली नाही. बंब आले. पाणी सुरू झालं. जवळजवळ ९०० टन पाणी त्या पोटात ओतलं, आणि झालं असं की पाण्यावर जळत्या गासड्या तरंगत वर येऊ लागल्या, म्हणजे स्फोटकांकडे. बाहेरून जहाजाच्या पत्र्याचा रंग फुगून सुटायला लागला. तिथून आग नेमकी कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. पत्रा कापून आत शिरायला गॅसकटर मागवला, तो चालेना. आणि धक्क्यावर चर्चा! कोणी म्हणालं जहाज इथेच बुडवा. कोणी म्हणालं भर समुद्रात ओढून न्या. आगवाल्यांचं म्हणणं, पाणी मारून विझेल. प्रत्येकजण आपापल्या खात्याचा मोठा साहेब, पण अखेरचा हुकूम द्यायचा कोणी, हे ठरलेलं नव्हतं. कप्तान सगळ्यांचं ऐकत राहिला. ३.५०ला जहाज सोडा म्हणून सांगितलं. ४.०६ला पहिला स्फोट, ४.३४ला दुसरा.

दोन तास, दिलीप. दोन तास हातात होते!

पुढचं तुला ऐकून माहीत असेल, तरी लिहितो. शिमल्याच्या भूकंपमापकावर, म्हणजे १,७०० किलोमीटरवर, धक्क्याची नोंद झाली. जलपद्म नावाचं चार हजार टनी जहाज लाटेबरोबर उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदीतल्या शेडवर जाऊन टेकला. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. बाकीच्या विटा गाळ उपसताना कित्येक वर्षं सापडत होत्या, १९७०च्या दशकातसुद्धा. मेलेल्या माणसांचा आकडा कोणी ८०० सांगतं, कोणी १,३००. गोदीत रोजावर आलेल्यांची मोजदाद कोण करणार? नक्की मोजले गेले ते अग्निशमन दलाचे ६६ जवान. ऐंशी हजार माणसं बेघर झाली.

माझी मोठी आत्या तेव्हा डोंगरीत राहायची. नऊ-दहा वर्षांची असेल. ती नेहमी एकच गोष्ट सांगायची, आवाजाची नव्हे, कापसाची. आधी खिडकीची तावदानं आत आली, मग बराच वेळ काहीच कळेना, आणि मग आकाशातून जळता कापूस पडायला लागला. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर एक पेटता पुंजका येऊन पडला, तो तिच्या आईने कुंच्याने झोडपून विझवला. "पापड गेले सगळे," हे ती साठ वर्षांनीही हळहळून म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. आसपासच्या वखारी आणि चाळी पेटल्या त्या याच कापसाने. मशीद बंदर ते कारनॅक बंदर सगळा धान्याचा आणि मालाचा साठा, त्याला ठिणगी पुरेशी.

वर्तमानपत्रांतून मात्र चिडीचूप. मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं छापायला बंदी. पहिली सविस्तर बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. आपल्या सरकारने मे महिना उजाडल्यावर परवानगी दिली. ढिगारे उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

आता माझं म्हणणं ऐक. एका तारखेला दोन जहाजं म्हटलं की लोकांना गूढ वाटायला लागतं, तारीखच वाईट वगैरे. परवाच आमच्या कट्ट्यावर एकाने टायटॅनिक, गोदी आणि लिंकन ओवून ग्रहांची सांगड घातली. मला हे पटत नाही. तारखेचा काही संबंध नाही. साम्य असेल तर ते माणसांच्या वागण्यात आहे, आणि ते कुठल्याही तारखेला सापडेल. टायटॅनिकला त्या दिवशी बर्फाच्या सूचना येत होत्या. कॅलिफोर्नियन जहाजाने रात्री पुन्हा कळवलं, तर टायटॅनिकचा बिनतारीवाला त्याच्यावरच खेकसला, कारण त्याला प्रवाशांच्या खासगी तारा उरकायच्या होत्या. पुढे त्याच कॅलिफोर्नियनवरून टायटॅनिकने मदतीसाठी सोडलेले पांढरे अग्निबाण दिसले आणि त्यांनी ते नुसते पाहिले. लिंकनच्या दाराशी बसवलेला पोलीस जागा सोडून निघून गेला होता. आणि आमच्या धक्क्यावर साहेबलोकांची बैठक भरलेली.

अपोलो १३चं म्हणूनच मला अप्रूप वाटतं. तिथेही मूळ कारण क्षुल्लकच. टाकीतला एक स्विच २८ व्होल्टचा, त्याला जमिनीवरच्या चाचणीत ६५ व्होल्ट दिलेले, कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण टाकी फुटल्यावर ह्यूस्टनमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रात, निर्णय कोणी घ्यायचा हे आधी ठरलेलं होतं. काही तासांत चंद्रावर उतरायचं रद्द झालं, तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या जोडयानात शिरले, मुख्य यान बंद केलं, आणि १७ तारखेला पॅसिफिकमध्ये सुखरूप उतरले. मुलांना टायटॅनिकपेक्षा हे आवडेल. टायटॅनिक त्यांना सिनेमामुळे पाठच असतं.

१९८६ला याच दिवशी बांगलादेशात गोपालगंजला किलोभर वजनाच्या गारा पडून ९२ माणसं गेली. २०१०ला आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपची विमानं बसवली. त्याचं नाव फळ्यावर लिहायच्या फंदात पडू नकोस.

बाबासाहेबांची ओळ अर्थात सगळ्यांत वर, जन्म १८९१, महू. एक भर घाल, ती सहसा कोणी घालत नाही. १४ एप्रिल १९४४ला त्यांना ५३ वर्षं पूर्ण झाली, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. त्याच दिवशी मुंबईत मजूर गोदीत जळत होते. आमच्याकडे १३च्या रात्री बारा वाजता नायगाव-वरळीकडे फटाके वाजतात, दुसऱ्या दिवशी निळे झेंडे, चैत्यभूमीकडे रांगा. त्याच सकाळी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात ६६ जणांना मानवंदना असते. देशभर १४ ते २० एप्रिल अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात तो याच स्फोटामुळे. दोन्ही कार्यक्रमांना एकाच दिवशी जाणारा मला आजवर भेटला नाही, पोलीस आणि बंबवाले सोडून.

तर फळ्यावर बाबासाहेब, गोदी आणि अपोलो एवढंच ठेव. आणि खाली एक प्रश्न लिही, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही: दुपारचे दोन वाजलेत, जहाजात कापूस पेटलाय, वर दारूगोळा आहे, आणि तुम्ही कप्तान आहात. जहाज बुडवाल, ओढून न्याल, का पाणी माराल? पोरं काय म्हणतात ते सविस्तर कळव, विशेषतः शेवटच्या बाकावरची. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास