दाराबाहेर खुर्ची टाकून माझी गाडी रंगवणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र उघडंच लिहितोय. घरच्या गॅरेजात जुनी गाडी रंगवायला निघालेला आणि पहिल्याच बॉनेटपाशी डोकं धरून बसलेला माझ्यासारखा कुणी असेलच कुठेतरी. तुम्ही मला बाहेरून ओरडून जे सांगितलंत, ते त्याच्याही कानावर जावं.

तो पहिला दिवस आठवतो? कॉम्प्रेसर धडधडत होता. बॉनेटवर चंदेरी निळ्याचे तीन हात मारून झाले होते आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिकट-गडद पट्टे उमटले होते, वाघाच्या अंगावर असतात तसे. मी वॉटर पेपर पाण्यात बुडवला, पट्टे घासून काढायला वाकलो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, ‘‘अरे, घासू नकोस!’’ वळून बघितलं तर तुम्ही दारापासून चांगले दहा पावलं लांब उभे. ‘‘आत या ना,’’ म्हटलं, तर ‘‘नको, मी इथेच बरा.’’ खरं सांगतो, मला वाटलं, म्हातारा भलताच तोऱ्यात आहे.

‘‘मेटॅलिकचा बेस, म्हणजे हा खालचा चमकीचा रंग, घासून त्यावर थेट क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारलास, तर प्रत्येक घासलेली जागा डाग होऊन दिसेल. घासलंस की पुन्हा रंग मारणं आलंच. त्यापेक्षा पट्टे का आले ते आधी ऐक.’’

मग तुम्ही वर्खाची गोष्ट सांगितलीत. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, वर्खाचा चुरा करून घातल्यासारखे. ते पत्र्यावर सपाट निजले की समोरून उजळ दिसतात आणि तिरकं बघितलं की गडद. रंग फार ओला पडला की पापुद्रे त्यात पोहायला लागतात, खाली जातात, कसेही वाकडेतिकडे थिजतात आणि तेवढा भाग काळपट होतो. कोरडा पडला तर वरच्या वर बसतात, तिथे फिकट. डबा एकच, फवारणीची गन एकच, पण हात बदलला की छटा बदलते. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, हे कबूल करायला आता लाज वाटते.

‘‘पत्र्यापासून कुठे वीतभर, कुठे दोन वीत, अशी धरलीयस गन. मनगटातून झाडू मारतोयस. हात खांद्यातून ने, पत्र्याला समांतर. आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्म्याहून जास्त चढली पाहिजे, पाऊण चढली तर उत्तम.’’ पट्ट्यांवरचा उपायही तुम्हीच सांगितलात: बेसची ओली चमक जाऊन तो मॅट होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग गन मागे घेऊन दीड वीत अंतरावर धरायची, हवेचा दाब थोडा उतरवायचा आणि आडवे-उभे अगदी हलके हात मारायचे, धुकं पडावं तसे. मी मारले. पट्टे गेले. पुसले वगैरे गेले नाहीत, वरचे पापुद्रे सगळीकडे सारखे बसले म्हणून दिसेनासे झाले. तोवर मी शेवटचा हात ‘चांगला भरून’ मारायचा असंच धरून चाललो होतो.

पण बॉनेट वाचलं म्हणून बाकीचं वाचणार नव्हतं. तुम्ही विचारलंत, खाली काय आहे? मी म्हटलं, जुनाच रंग, थोडा घासलाय. तुम्ही थिनरमध्ये बुडवलेलं फडकं दारावर मिनिटभर दाबून धरायला लावलंत. फडकं निळं झालं आणि तुमचा चेहरा पडला. मूळ रंग जुन्या पद्धतीचा लॅकर निघाला, थिनर लागला की विरघळणारा. नव्या रंगातला थिनर आत मुरला की तो फुगतो, सुरकुत्या पडतात. बॉनेटवर अजून तसं झालं नव्हतं ते केवळ नशीब. म्हणजे पत्र्यापर्यंत उतरवणं आलं. जुन्या थरांत शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलंच घासायचं, हेही तेव्हाच ऐकलं. ज्या बॉनेटसाठी दोन रविवार घालवले ते पुन्हा उघडा पत्रा झालं. त्या रात्री मी तुमच्यावर मनातून चिडलो होतो, तेही इथे सांगून टाकतो.

मधले दोन महिने इथे लिहीत नाही. गंज, ठोकपीट, लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि घासणं, घासणं, घासणं. एकच प्रसंग लिहितो. पुढचं डावं दार. प्रायमरवर काळ्या पुडीचा पातळ हात फिरवून मी ते लाकडी ठोकळ्याने घासलं होतं. पूड सगळीकडून निघाली, म्हणजे खड्डा नाही, असं म्हणून मी खूश. तुम्ही म्हणालात, दार बाहेर आण. दोन स्टुलांवर ठेवलं. तुम्ही खिशातून सुती रुमाल काढला, तळहाताखाली धरला, डोळे मिटले आणि हात लांबच्या लांब सरकवला, बोटं सैल. कडीच्या खाली दोन बोटांवर हात थांबला. परत मागे नेला, परत तिथेच थांबला. ‘‘इथे.’’ मला काही लागेना. तुम्ही माझा हात धरून तिथून तीनदा नेलात, तेव्हा कुठे ती पोस्टाच्या तिकिटाएवढी बशी जाणवली. पूड त्या खड्ड्यातूनही निघाली होती, कारण मी ठोकळा सोडून तेवढ्यापुरता बोटांनी घासला होता. ‘‘मेटॅलिक हे लपवत नाही, उलट दिवा लावून दाखवतो,’’ असं म्हणून तुम्ही रुमाल घडी करून खिशात ठेवलात. शेवटची घासाई 800 च्या पेपरने करायला लावलीत तीही त्याचसाठी. आकडा लहान तितका पेपर जाड, 400 चे ओरखडे मेटॅलिकखालून डोकावतात.

मी दारं आडवी ठेवून रंगवणार होतो, ओघळ येऊ नयेत म्हणून. तुम्ही ती टांगायला लावलीत, गाडीवर असतात तशीच उभी. आडव्या पत्र्यावर पापुद्रे वेगळे निजतात, उभ्यावर वेगळे. मग दार आणि मडगार्ड शेजारी लावले की दोन गाड्यांचे वाटतात. रंगाचे तिन्ही डबे एका बादलीत एकत्र करून ढवळायला लावलेत, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांतही बारीक फरक असतो आणि तो नेमका दाराच्या मधोमध उघडा पडतो. गनमध्ये भरताना दर वेळी पुन्हा ढवळायचं, गाळून घ्यायचं. वर्ख जड, तो तळाशी बसतोच.

खिडकीत मी घरचा टेबल फॅन लावला होता, वास बाहेर जावा म्हणून. तो बघून तुम्ही पहिल्यांदा खरे ओरडलात. थिनरची वाफ जमिनीलगत साचते आणि मोटरची एक ठिणगी पुरते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आणि मग क्लिअरचा दिवस.

मी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लावून तयार. तुम्ही म्हणालात, मास्क दाखव. दहा पावलांवरून बघितलात आणि म्हणालात, ‘‘बेसपुरतं ठीक. याच्यावर क्लिअरचा डबा उघडायचा नाही.’’ मी हसण्यावारी नेलं. तेव्हा तुम्ही तुमचं सांगितलंत. क्लिअर कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक द्रव्य असतं. तुमच्या उमेदीत नाकाला रुमाल बांधून काम चालायचं. वास आला तर बाहेर जाऊ, असा सगळ्यांचा हिशेब, पण हे द्रव्य अपायाच्या कितीतरी पुढे गेल्यावर मग कुठे नाकाला कळतं. शिवाय पुढे काचेचे मास्क आले तरी फवारणी थांबली की तोंडावरची काच वर करून, वाकून, चमक कशी आलीय ते बघायची सवय. हवेत दिसत काही नाही, पण धुकं असतंच. ‘‘आम्ही सगळे असेच बघायचो,’’ तुम्ही म्हणालात. आणि मग एका वर्षी छाती भरून यायला लागली. एकदा शरीराने त्याचं वावडं धरलं की पुढे कणभरही चालत नाही. डबा उघडल्याचं छातीला कळतं. तोरा कसला, काका. तुम्ही आत येऊच शकत नव्हतात.

त्यानंतरचे आठ दिवस मी काम थांबवलं आणि तुम्ही कुठून तरी नळीने ताजी हवा देणारा मास्क मागून आणलात. त्याचा पंप वारा येतो त्या अंगाला, तुमच्या खुर्चीच्याही पलीकडे ठेवलात. ‘‘मी घेतो ती हवा तू घे. खराब झाली तर आधी मला कळेल.’’ यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

लोकांना पटत नाही, पण तुम्ही क्लिअर नुसता ऐकून मारून घेतलात. दार बंद, मी आत पांढऱ्या सूटमध्ये, तुम्ही बाहेर, आणि मधल्या थांब्यात दारावर टकटक. ‘‘कडेच्या बाहेर जाऊन ट्रिगर सोडतोयस का? मला पत्र्यावरच सुटल्याचं ऐकू येतंय.’’ खरंच होतं. पत्र्यावर पडणारी फुसफुस वेगळी आणि कड ओलांडून मोकळ्या हवेत गेलेली वेगळी. ‘‘दुसऱ्या फेरीत घाई केलीस.’’ हेही खरंच, हात भरून आला होता. पहिला हात हलका, मग दोन ओले, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. तिसरा संपला आणि माझा हात आपोआप काचेकडे गेला. बाहेरून टकटक. ‘‘काच वर करू नकोस.’’ तुम्हाला कसं कळलं?

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. छपरावर एक चिलट चिकटलं. बॉनेटवर थोडी संत्र्याची साल, म्हणजे सालीसारखी बारीक खडबड, आली, ती क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर 1500, 2000, 3000 अशी ओली घासून आणि पॉलिश करून काढली. कडांना हात लावला नाही, तिथे थर पातळ असतो आणि क्षणात आरपार जातो. शेजाऱ्यांच्या सायकलवर चंदेरी धूळ बसली होती ती पुसून दिली, माफीही मागितली.

एक गोष्ट तुम्ही शोधण्याआधी मीच सांगतो. मागच्या डाव्या दाराला, खालच्या कडेपासून चार बोटं वर, एक ओघळ आहे. घाई केलेल्या त्या दुसऱ्या फेरीतला. घासून काढता आला असता, पण ठेवलाय. कान खरा होता की नाही ते तुम्हाला डोळ्यांनी बघता यावं म्हणून.

काका, आभार कशाकशाचे मानू? गन एकदाही माझ्या हातातून घेतली नाहीत, त्याचे आहेतच. तुम्हाला जमलं नसतं म्हणून नाही, अंगणात बॉनेट ठेवून बेसचे चार हात तुम्ही सहज मारून दाखवले असते. पण सगळ्यात जास्त त्या आठ दिवसांचे, जेव्हा मी फुरंगटून बसलो होतो आणि तुम्ही मास्क शोधत हिंडत होतात.

तुम्ही ही गाडी अजून धड बघितलेली नाही. ट्यूबलाइटखाली, अर्ध्या उघड्या दारातून, लांबून, एवढंच. रविवारी सकाळी घरी असा. ऊन अंगणात पोचलं की गाडी मीच बाहेर काढतो आणि तुमच्या खुर्चीसमोर आणून उभी करतो. रुमाल जवळ ठेवा.

तुमचा,
गॅरेजातला