निळा डबा

चि. दादास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल दुपारी तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून समुपदेशक ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, 35 दिवस पूर्ण झाले की घरी सोडताना डॉक्टर दादाला डायसल्फिरामची, म्हणजे दारूपासून लांब ठेवणारी गोळी सुरू करायचं म्हणताहेत. ती रोज घरातल्या कुणाच्या तरी समोर घ्यायची असते. कुणासमोर घेशील असं विचारलं तर त्यानं लगेच ‘आईसमोर’ म्हणून सांगितलं. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर तासभर मला काही सुचेना. चिमी शाळेतून आली, तिला खायला काय दिलं तेही आठवत नाही.

तू माझं नाव घेतलंस म्हणूनच हे लिहायला बसले आहे. भेटीच्या दिवशी समोरासमोर बोलणं माझ्याच्यानं होणार नाही. मध्येच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला मी नर्स होते त्या आरोग्य उपकेंद्रातलं गोदरेजचं कपाट आठवतं का? डॉट्स, म्हणजे टीबीच्या गोळ्या पेशंटला आपल्या समोर गिळायला लावायचा कार्यक्रम, आला तेव्हा तू सहावी-सातवीत असशील. शाळा सुटली की दप्तर तिथंच टाकायचास. त्या कपाटात टीबीच्या पेशंटचे डबे असायचे. एकेका पेशंटचा एकेक डबा, वर त्याचं नाव, आणि आत त्याच्या पुऱ्या उपचाराच्या गोळ्या. पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याचा डबा लाल, आणि ज्यानं औषध मध्येच सोडलं किंवा ज्याचा आजार उलटला त्याचा निळा. तू मला विचारलं होतंस, निळ्यातल्या गोळ्या गोड असतात का गं? मी हसले होते. निळ्यातलं औषध 8 महिन्यांचं असायचं, वर 2 महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आठवड्यातून तीन. कंबर धरून पेशंट घरी जायचे.

लाल डबा 6 महिन्यांचा. माणसं कुठं गळायची माहीत आहे? दोन महिन्यांनी. खोकला थांबायचा, अंग भरायचं, जेवण गोड लागायचं, मग द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आले की, ‘सिस्टर, आता काय झालंय मला, रोजगार बुडतोय.’ मी सायकल काढून त्यांच्या मागं बागेत जायची. मांडवाखाली उभी राहून गोळ्या हातावर ठेवायची, पाणी द्यायची, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. बरं वाटणं आणि बरं होणं यात चार महिन्यांचं अंतर आहे, हे एकच वाक्य मी 31 वर्षांत किती हजार वेळा म्हटलं असेल. आणि जो सोडून जायचा, वर्षानं रक्त ओकत परत यायचा, त्याच्यासाठी सरकारनं आधीच निळा डबा तयार ठेवलेला असायचा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, परत आलेल्याला रागवायचं नाही. रागावलात तर तो पुन्हा येणार नाही.

हे सगळं मला येत होतं, दादा. दुसऱ्याच्या पोरांसाठी येत होतं.

तुझ्यासाठी मी काय केलं? गोडाऊनच्या मालकाला फोन करून सांगितलं, काविळीनं झोपलाय. सूनबाईच्या माहेरी सांगितलं, बेदाण्याच्या सौद्यासाठी तासगावला राहिलाय. त्या गणपतीत तू घरच्या घरी सोडायचं ठरवलंस, तेव्हाही मी खूश झाले आणि देवापुढं साखर ठेवली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हातांची थरथर, घाम, झोप उडणं हे पहिल्या दिवशीच सुरू होतं आणि खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो, हे नर्स असून मी विचारात घेतलं नाही. तिसऱ्या रात्री तू भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागलास. भिंतीवर एक मुंगी नव्हती. मग पहाटे तुला झटका आला, दात आवळले, जीभ चावली गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईनमध्ये ग्लुकोज सोडायच्या आधी ब-1 चं इंजेक्शन द्यायला सांगितलं. दारूनं शरीरातलं ते जीवनसत्त्व संपत येतं आणि तसंच ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे घरी झालं असतं तर मी साखरपाणी पाजत बसले असते.

म्हणून पहिल्यांदा केंद्रात गेलास. 35 दिवस राहिलास, तोंडावर तेज घेऊन आलास. सुरुवातीला फॉलोअपला जायचास, मीटिंगला जायचास. चौथ्या महिन्यात म्हणालास, आता कशाला, मला बरं वाटतंय. आणि मी म्हणाले, हो रे, तेवढ्यासाठी कशाला सुट्टी काढतोस. मी म्हणाले हे! मांडवाखाली उभी राहून तोंड उघडून बघणारी बाई. मला वाटायचं, तिथं जाणं बंद झालं म्हणजे लोकांना कळायचंही बंद होईल. नंतर तुझ्या मित्राच्या वरातीत पहिली नाइन्टी झाली, ती झाली. त्यात तुझ्याइतकाच माझाही वाटा आहे.

आता जे सांगायचं ते सांगते.

गेल्या आषाढात, गटारीच्या आधीच्या आठवड्यात, मी एका तालुक्याच्या गावी जाऊन पुड्या आणल्या. स्टँडच्या भिंतीवर नंबर रंगवलेला होता, ‘न सांगता दारू सोडवा’. 30 पुड्यांचे 1500 रुपये घेतले. वर छापलेलं काही नाही, चिठ्ठी नाही, नुसता पांढरा कागद. आमटीत कालवा, वास येत नाही, चव लागत नाही, असं सांगितलं. चार दिवस मी तुझ्या ताटातल्या आमटीत ती पूड घातली. तू एकदा म्हणालासही, आई आज आमटी फक्कड झालीये.

चौथ्या रात्री तुला गोडाऊनमधल्या पोरानं मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. चेहरा आणि मान लालभडक, डोळे तांबारलेले, उलट्या थांबेनात, छाती अशी उडत होती की सदऱ्यावरून दिसत होती. मी बीपी घेतलं, 80 वर 50. पाय उशीवर चढवले, रिक्षा बोलावली. ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला विचारलं, ‘सिस्टर, पेशंटला कुठली गोळी चालू आहे का?’

मी म्हणाले, नाही.

माझ्या आयुष्यात मी पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांशी खोटं बोलले ते एवढं एकदाच, आणि तो पेशंट तू होतास. त्यांनी आपल्या अंदाजानं उपचार केले, सलाईन लावलं, रात्रभर लक्ष ठेवलं, पहाटे बीपी वर आलं. तू समजलास की दुकानदारानं खराब माल दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्याशी भांडलास, त्याच्या काउंटरची काच फोडलीस, त्याचे पैसे बाबांनी भरले. मी तेव्हाही गप्प बसले. उरलेल्या 26 पुड्या मोरीत ओतल्या आणि कागद चुलीत घातले.

त्या पुड्यांत नेमकं काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण लक्षणं मी ओळखली होती. ज्या गोळीचं ताई काल बोलल्या, ती गोळी चालू असलेल्या माणसानं दारू घेतली की अगदी असंच होतं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी एक विषारी द्रव्य करतं आणि लगेच पुढच्या पायरीला ते निरुपद्रवी करून टाकतं. ही गोळी ती पुढची पायरी अडवते. मग ते विष अंगात साठतं, आणि वर सांगितलं ते सगळं दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतं. माहीत असलेला माणूस त्या भीतीनं पेल्याला हात लावत नाही, एवढंच त्या गोळीचं काम. ज्याला माहीतच नाही त्याला कसली भीती? तो पिणारच. त्याचं हृदय अधू असेल तर तो मरूही शकतो. म्हणून ही गोळी पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, यकृताच्या तपासण्या करूनच देतात. चोरून द्यायचं ते औषधच नाही. मी तुझ्या ताटात विष कालवलं, दादा. मायेनं कालवलं हे खरं आहे, पण म्हणून ते विष नव्हतं असं होत नाही.

समुपदेशक ताईंना मी अजून हे सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. तू हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल.

तू स्वतः होऊन म्हणालास की मला परत केंद्रात जायचं आहे, त्या दिवसाचं तुझ्याजवळ कधी बोलले नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा एका ठिकाणी चौकशी करून आले होते. रात्री जीप येते, चार माणसं झोपेतून उचलून नेतात, तीन महिने घरच्यांना भेट नाही. बाबांनी जवळजवळ होकार दिला होता. मी नको म्हणाले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळं होणारे मानसिक विकारही धरलेले आहेत आणि अशा माणसाला अमानुष वागणूक द्यायची नाही असं त्यात लिहिलं आहे, हे मी बाबांना वाचून दाखवलं. पण खरं कारण वेगळं होतं. तुला न विचारता केलेली एक गोष्ट माझ्या पदरात आधीच होती, दुसरी झेपली नसती. आणि मग तू आपणहून बॅग भरलीस.

तुला वाटतं दुसऱ्यांदा जावं लागलं म्हणजे सगळं वाया गेलं. भेटीत तू मान वर करत नव्हतास. एम्सनं केलेली देशभराची पाहणी 2019 साली आली, तीत असं निघालं की दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते 180 मध्ये एकाला. तू दोनदा त्या दारातून आत गेलास. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला हात दिला. तिथं पुढं जे कार्यकर्ते झाले त्यांत स्वतः उपचार घेऊन गेलेले कितीतरी आहेत. पेशंटला ‘मला माहीत आहे रे’ असं म्हणणं त्यांच्या तोंडी शोभतं, माझ्या नाही. तुमच्या वॉर्डातले ते उंच काका, पहाटे तुम्हाला प्रार्थनेला उठवणारे, तेही कधीतरी तुझ्याच खाटेवर होते असं तू सांगितलंस. ते कितव्या खेपेला सावरले ते त्यांना विचार. मला नको सांगूस, तू विचार.

मी दर शनिवारी सांगलीला घरच्यांच्या मीटिंगला जायला लागले आहे. पहिल्या दिवशी माझी बोलायची पाळी आली तेव्हा मला नुसतं रडू आलं. दुसऱ्या शनिवारी तुला झालेल्या काविळीची गोष्ट सांगितली, ती कधी झालीच नव्हती हेसुद्धा सांगितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडं टायफॉइड होता. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आता गोळीचं. हे वाचून तुला माझ्या हातून काही घ्यावंसं वाटलं नाही तर ताईंना तसं सांग. सूनबाई आहे, बाबा आहेत. मला वाईट वाटेल, पण मी रागावणार नाही. आणि तरीही मीच हवी असले तर असं करू. पाकीट तुझ्या सदऱ्याच्या खिशात राहील, माझ्याकडं नाही. सकाळी चहाच्या आधी तू चौकात येशील, गोळी तू काढशील, पाणी तू ओतून घेशील. मी उंबऱ्यावर बसून बघेन. तोंड उघडून दाखव असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी घ्यावीशी वाटली नाही, तर तेही उंबऱ्यावरच सांग, आपण दोघं मिळून डॉक्टरांना फोन करू. गोळी बंद केली तरी तिचा असर 14 दिवसांपर्यंत राहू शकतो, हे लक्षात असू दे.

घरात मी बघून घेतलं आहे. बाबांचं द्राक्षासव आणि सूनबाईच्या बाळंतपणापासून पडून असलेलं दशमूलारिष्ट, दोन्ही ओतून दिलं, त्यांत दारूचा अंश असतो. खोकल्याचं औषध आणायचं झालं तर दुकानदाराला आधी विचारून. आणि जेवायला तू यापुढं स्वयंपाकघरात येऊन पातेल्यातून आपल्या हातानं वाढून घे. मी वाढणार नाही, निदान काही दिवस.

चिमीचा पुढचा दात पडला. तो तिनं कागदात बांधून तुझ्या उशीखाली ठेवला आहे, बाबा आल्यावर दाखवायचा म्हणून. तुझी उशी कुणी हलवायची नाही असा तिचा हुकूम आहे, त्यामुळं चादर तेवढी बदलायची राहिली आहे.

तुझी,
आई

ता. क. भेटीला येताना निळा स्वेटर आणते, तू मागितलेला. बाहीला भोक पडलं होतं, शिवून ठेवलं आहे.